नऊ तातामी

दारातून आत आल्यावर काकूंनी आधी घर पाहिलं नाही, चपला पाहिल्या. टोकियोतल्या घरांना दाराशी गेनकान असतं. घराच्या जमिनीपेक्षा थोडी खोल, पायताणं काढायची जागा. आमचं गेनकान एवढंच, की दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. काकूंनी आपली, काकांची आणि त्यांच्या मुलीची, म्हणजे ताईची, पायताणं उचलली, तळव्याला तळवा लावून जोड्या केल्या आणि भिंतीशी उभ्या टेकवल्या. दीड जोडाच्या जागेत तीन जोड बसले. मग वाकून त्यांनी आमचेही पाच जोड तसेच लावून टाकले आणि विचारलं, ‘‘पोरी, हातपाय धुवायला कुठं जायचं?’’

तो २३ मार्च २०२४चा शनिवार होता. त्या दिवसापासून आठ दिवस आमच्या घरात आठ माणसं राहिली.

काका माझे सख्खे काका नव्हेत. वडील आणि ते कोरेगाव तालुक्यातल्या एका शाळेत एका बाकावर बसले. पुढे वडील शेतीत राहिले आणि काका मुंबईला जाऊन बेस्टमध्ये कंडक्टर झाले. नातं काय, असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही. आमच्याकडे याला घरोबा म्हणतात, आणि घरोबा म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

आम्ही राहतो ते निशि-कासाइ, टोकियोच्या पूर्वेकडच्या एदोगावा वॉर्डात. २००० साल उजाडताना संगणकांतल्या तारखांचा जो घोळ होणार होता, तो निस्तरायला भारतातून बरेच इंजिनियर इथे आले. तोझाइ मार्गाची गाडी इथून थेट ओतेमाचीच्या कचेऱ्यांपर्यंत जाते, आणि सरकारी गृहसंस्थेच्या इमारतींत घर घ्यायला जामीनदार लागत नाही, मालकाला द्यायची ‘आभाराची रक्कम’ही लागत नाही. परक्या देशात जामीन राहणारा माणूस कुठून आणायचा? म्हणून लोक इथे राहिले, मग त्यांच्या ओळखीचे आले, मग किराणा आला. आता स्टेशनपासून चालत जाऊन हरभऱ्याची डाळ आणता येते.

आमचं घर सेहेचाळीस चौरस मीटरचं. सहा तातामींची, म्हणजे सहा चटयांएवढी, एक खोली, तिच्याहून लहान अशी लेकीची खोली, आणि स्वयंपाक, जेवण, बसणं-उठणं सगळं जिथे होतं ती मधली जागा. संडास एक, न्हाणी एक. त्यात आम्ही नवरा-बायको, दहा वर्षांची लेक, तीन वर्षांचा मुलगा, आणि व्हिसावर तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. नवऱ्यानं सुचवलं होतं, की जवळच्या हॉटेलात दोन खोल्या घेऊ, पैसे आपण भरू. साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलोऱ्याच्या दिवसांत हॉटेलांचे दर आभाळाला भिडलेले असतात, पण तो मनापासून म्हणत होता. मी नाही म्हटलं. काका-काकूंना मी हॉटेलात ठेवणं शक्य नव्हतं, आणि त्याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं.

१९९६च्या नोव्हेंबरात वडिलांच्या घशात गाठ निघाली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी परळच्या टाटा हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. ज्यांचं मुंबईत कुणी नाही, अशी गावाकडची माणसं त्या हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर पथारी टाकून राहतात, हे तेव्हाही होतं आणि आजही आहे. आम्हाला मात्र काका घ्यायला आले होते. नायगावच्या बीडीडी चाळीत त्यांची खोली होती. १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या या चाळी. तळमजला अधिक तीन, एका इमारतीत ऐंशी खोल्या, मजल्यावर सार्वजनिक संडास, आणि खोली एकशे साठ चौरस फुटांची. काका, काकू, त्यांच्या सासूबाई, ताई आणि तिचा धाकटा भाऊ, अशी पाच माणसं तिथे राहत होती. त्यात आम्ही तिघं गेलो. मी नऊ वर्षांची होते. चार महिन्यांहून जास्त राहिलो.

त्या खोलीतलं मला काय आठवतं? वळकट्यांची चळत, तिच्यावर टाकलेली निळी चादर. मोरीचा अर्धा पडदा. वडिलांना गिळता यायचं नाही म्हणून काकू रोज भाताची पेज फडक्यातून गाळायच्या, तो आवाज. रात्री काका गॅलरीत झोपायचे. वडील आत, काका बाहेर, आणि दोघांच्या मध्ये उघडं दार. अंधारात त्यांच्या गप्पा चालायच्या. वडिलांचा आवाज बसलेला, म्हणून काकाही खालच्या पट्टीत बोलायचे. वडील त्यानंतर अकरा वर्षं जगले.

टोकियोत पहिल्या संध्याकाळी काकांनी आमचं घर पावलांनी मोजलं. दारापासून बाल्कनीपर्यंत, मग आडवं. मला आधी कळेना. मोजून झाल्यावर ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ‘‘आम्हाला मिळायचं ते एवढं असणार.’’ बीडीडी चाळी पाडून तिथे टॉवर उभे राहत होते आणि जुन्या रहिवाशांना पाचशे चौरस फुटांची घरं मिळायची होती. काकांनी खोली रिकामी करून दिली होती आणि तेव्हा ते डोंबिवलीला भाड्याने राहत होते. सेहेचाळीस चौरस मीटर म्हणजे जवळजवळ तेवढंच. दोन खोल्या, आत संडास, आत न्हाणी. आम्ही ज्याला अपुरं म्हणतो, त्या घराकडे ते आपल्या उद्याच्या घरासारखं पाहत होते. दिवे कुठे आहेत, खिडकी कुठल्या दिशेला आहे, कपाटं भिंतीत कशी बसवलीत, सगळं बारकाईने.

लेकीनं विचारलं, ‘‘आजोबा, तुमची जुनी खोली केवढी होती?’’ काकांनी सांगितलं. तिनं कागद घेऊन हिशेब मांडला. इथे खोली तातामीत मोजतात. तातामी म्हणजे गवताची विणलेली जाड चटई, माणूस आडवा होईल एवढी. घरांच्या जाहिरातीत एक तातामी म्हणजे किमान १.६२ चौरस मीटर धरतात. एकशे साठ चौरस फूट म्हणजे नऊ तातामी, वर जरासा तुकडा. ‘‘आणि माणसं किती?’’ ‘‘तुझी आई आली तेव्हा आठ.’’ तिनं आमच्या सहा तातामींच्या खोलीकडे पाहिलं, मनातल्या मनात त्यात आणखी तीन घातल्या, आणि काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी होळी होती. काकूंना पुरणपोळी करायचीच होती. आमच्याकडे पुरणयंत्र नाही, म्हणून त्यांनी शिजलेली डाळ पिठाच्या चाळणीवर वाटीच्या बुडाने घासून घेतली. ओट्याला लागून जेमतेम एकच माणूस उभं राहू शकतं. अशा ओट्यापाशी तीन बायका आल्या की काय होतं, ते मला ठाऊक होतं. सासूबाई आणि मी तिथे रोज एकमेकींना ‘सरका जरा’ म्हणायचो. काकूंनी कुणालाच सरकायला लावलं नाही. त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं, पोळपाट घेऊन भिंतीला पाठ लावून बसल्या आणि लाटलेली पोळी वर सासूबाईंकडे देत राहिल्या. सासूबाईंनी भाजायची, मी कटाची आमटी बघायची. पीठ त्यांच्या मांडीबाहेर सांडलं नाही. उठताना त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, तेव्हा खालची फरशी सकाळी होती तशीच होती.

पुढचे सगळे दिवस मी हे पाहत राहिले. त्यांची बॅग कधी जमिनीवर उघडी दिसली नाही. रात्री झोपायच्या आधी त्या उद्याचे कपडे, दंतमंजन, गोळ्या एका पिशवीत काढून उशाशी ठेवायच्या. पहाटे सगळ्यांच्या आधी न्हाणी उरकून घ्यायच्या, किंवा जाग येऊनही नवरा ऑफिसला जाईपर्यंत डोळे मिटून पडून राहायच्या. दोन्हींपैकी काय करायचं ते त्या दिवसावर ठरायचं आणि त्या बरोबर ठरवायच्या. कुणी फोनवर बोलायला लागलं की त्या बाल्कनीत जायच्या. दाटीत राहायची ही जाण त्या एकशे साठ फुटांनी त्यांना दिली होती. पाहुणचार यजमान करतो असं आपण मानतो. त्या आठवड्यात निम्मा पाहुणचार पाहुण्यांनी केला.

खालच्या मजल्यावर एक वयस्कर बाई एकट्या राहतात. पाहुणे येण्याआधी मी मिठाईचा पुडा घेऊन त्यांच्याकडे जाऊन आले होते, की आठ दिवस पावलांचा आवाज होईल, सांभाळून घ्या. त्या म्हणाल्या, लहानपणी त्यांच्या सहा तातामींच्या खोलीत सात जण झोपायचे. १९५५मध्ये जपानच्या सरकारी गृहनिर्माण महामंडळानं अशा वसाहती बांधायला घेतल्या, तेव्हा जेवायची जागा झोपायच्या जागेपासून वेगळी हवी, हे त्यांच्या आराखड्यातलं मुख्य सूत्र होतं. त्याआधी एकाच चटईवर जेवण, त्याच चटईवर अंथरूण. खालच्या बाईंची पिढी त्या घरांमधून या घरांमध्ये आली. काका-काकूंची पिढी आता येते आहे.

झोपायची व्यवस्था मी महिनाभर आधी ठरवली होती. काकांचे गुडघे दुखतात, त्यांना पलंग हवा. म्हणून लेकीची खोली काका-काकूंना. सासूबाई, ताई आणि लेक तातामींच्या खोलीत. मी, नवरा आणि मुलगा मधल्या जागेत, जेवणाचं टेबल भिंतीला लावून. सगळं नीट जमलं, याचा मला अभिमान वाटत होता.

सोमवारी पाऊस लागला. शाळेला वसंताची सुट्टी होती, त्यामुळे मुलं घरातच. दुपारी लेक माझ्यापाशी आली आणि जपानीत म्हणाली, ‘‘इत्सु काएरु नो?’’ कधी परत जाणार? आम्ही घरात तिच्याशी मराठीतच बोलतो. पाहुण्यांना कळू नये म्हणून तिनं ती भाषा निवडली होती. मी दबक्या आवाजात तिला रागावले. किती चांगली माणसं आहेत, त्यांनी आपल्यासाठी काय केलंय, तुला कल्पना नाही, असं बरंच बोलले. तिचे डोळे भरून आले. ‘‘माझ्या खोलीत माझं चित्र अर्धं राहिलंय,’’ एवढंच ती मराठीत म्हणाली.

काकू भाजी निवडत होत्या. त्यांना शब्द कळले नव्हते. सूर कळला होता. रात्री त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘पोरीची खोली घेतली का गं आम्ही?’’ मी नाही नाही म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही.

मंगळवारी पाऊस आणखी वाढला. तातामींच्या खोलीत भिंतीत एक खोल कपाट असतं, ओशिइरे. त्याला मध्ये एक फळी असते आणि दिवसा गाद्या त्यात ठेवतात. पाहुण्यांसाठी सगळ्या गाद्या बाहेर निघाल्या होत्या, त्यामुळे वरचा कप्पा रिकामा पडला होता. माणूस बसेल एवढा उंच, झोपेल एवढा लांब. डोरेमॉन नोबिताच्या घरी अशाच कप्प्यात झोपतो, हे इथल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. दुपारी मी खोलीत डोकावले, तर ताई लेकीला त्या कप्प्यात चढवत होती. आत चादर घातली होती, आपल्या बॅगेतला बॅटरीवरचा दिवा खिळ्याला अडकवला होता आणि अर्धं चित्र, रंगांची पेटी, वही सगळं आत पोचलं होतं. लेकीनं सरकतं दार आतून ओढून घेतलं. फटीतून पिवळी रेघ तेवढी बाहेर आली.

संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. ताई त्या कपाटाला टेकून खाली बसली होती आणि वरचं दार तळहाताएवढं उघडं होतं. लेकीनं आतून विचारलं, ‘‘तुला कसं सुचलं हे?’’

ताई म्हणाली, ‘‘माझीपण एक अशी जागा होती. जिन्याच्या वळणावर. वरच्या मजल्याचा दिवा तिथं पडायचा. तुझे आजोबा आजारी होते ना, तेव्हा खोलीत रात्री दिवा लावता यायचा नाही. त्यांना झोप लागायची नाही. मग मी पोतं टाकून तिथं बसायचे. माझी दहावी होती त्या वर्षी.’’

घडी घालता घालता माझा हात थांबला.

१९९७चा मार्च. आम्ही नायगावहून निघालो तो त्याच महिन्यात. मला ताई आठवते ती वेण्या घालून शाळेत जाणारी, मला गोट्या देणारी. तिची दहावी होती, हे मला सत्तावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्या चार महिन्यांची गोष्ट आमच्या घरात असंख्य वेळा सांगितली गेली आहे. काका गॅलरीत झोपायचे ते त्यात आहे, काकूंची पेज आहे. जिन्यातली मुलगी त्यात कधीच नव्हती.

रात्री भांडी विसळताना मी तिला विचारलं. ती सहज म्हणाली, की टक्के कमी पडले, तिला डिप्लोमाला जायचं होतं, इलेक्ट्रिकल. नंबर लागला नाही, मग कॉमर्स केलं. आता ती एका सहकारी पतसंस्थेत हिशेब बघते. ‘‘तसं नुसतं त्यानंच कमी पडले असं नाही गं. गणित कच्चंच होतं माझं.’’ मी म्हटलं, ‘‘तुला कुणी विचारलं होतं का, आम्ही येऊ का म्हणून?’’ ती हसली. ‘‘मला कोण विचारणार? आणि विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.’’

ती हो म्हणाली असती, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण त्या न विचारण्याचं ओझं मला तेव्हापासून जाणवतं आहे. काकांनी दार उघडं ठेवलं, हे त्यांचं मोठेपण. त्याच्याखाली माझ्या वडिलांची अकरा वर्षं उभी आहेत आणि मी त्यापुढे कायम वाकून राहीन. मात्र त्या दाराची किंमत एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीनंही मोजली होती, आणि आम्ही तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. मी माझ्या घरात नेमकं तेच केलं होतं. सासूबाईंना विचारलं होतं, नवऱ्याशी चर्चा केली होती, खालच्या मजल्यावरच्या बाईंनासुद्धा आधी जाऊन सांगितलं होतं. जिची खोली काढून घेतली, तिला मी फक्त कळवलं होतं. आणि मी तिला रागावले, ते कुठल्या हक्कानं? जे ऋण तिनं घेतलेलं नाही, ते मी तिच्या खोलीतून फेडत होते.

त्या रात्री कपाटाचं दार थोडं सरकवून मी तिची माफी मागितली. ती अर्धवट झोपेत होती. ‘‘दाइजोबु,’’ म्हणाली, म्हणजे ठीक आहे. मग मराठीत म्हणाली, ‘‘दार लाव.’’

काका-काकू खरं तर साकुरा पाहायला आले होते. २०२३मध्ये टोकियोत १४ मार्चलाच फुलोरा जाहीर झाला होता, त्यावरून आम्ही तारखा काढल्या होत्या. २०२४मध्ये मात्र थंडी लांबली. यासुकुनी देवळाच्या आवारात हवामान खात्याचं एक ठरलेलं झाड आहे. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की टोकियोत साकुरा आला असं जाहीर होतं. काकांना ही पद्धत फार आवडली. कंडक्टरची नोकरी केलेला माणूस, मोजणीवर त्यांचा जीव. ते रोज सकाळी छत्री घेऊन आमच्या इमारतीसमोरच्या झाडापाशी जायचे आणि वर येऊन सांगायचे, ‘‘आज शून्य.’’ शुक्रवारी, २९ तारखेला, यासुकुनीच्या झाडाची बातमी आली. शनिवारी आमच्या झाडावर काकांनी चार मोजली. रविवारी एकदम ऊन पडलं, उन्हाळ्यासारखं, आणि विमानतळाकडे निघताना ते झाडाखाली बॅग ठेवून बराच वेळ वर बघत होते. मोजत नव्हते.

निघायच्या आधी काकूंनी लेकीच्या खोलीतली चादर बदलली, उशीचे अभ्रे धुऊन वाळत घातले, आणि तिचं सामान पहिल्या दिवशी जिथे होतं तिथे जसंच्या तसं ठेवलं. त्यांनी ते पहिल्या रात्रीच मनात टिपून ठेवलं असावं. ताईनं बॅटरीचा दिवा तिथेच राहू दिला.

त्या रात्री मी गावी आईला फोन केला आणि विचारलं, की ताईची दहावी होती, हे तुला माहीत होतं का? आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘माहीत होतं. पहिल्या पेपरला निघाली, तेव्हा तिच्या हातावर दही-साखर मीच ठेवली होती. तिची आई तुझ्या बाबांना घेऊन हॉस्पिटलात गेली होती.’’

आता माझ्या मावसबहिणीचं कुटुंब यायचं म्हणतंय, चौघं जण, दहा दिवसांसाठी. काल जेवताना मी लेकीला विचारलं. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, उद्या सांगते. तिचं उत्तर अजून आलेलं नाही, म्हणून मी मावसबहिणीला अजून काहीच कळवलेलं नाही.